लग्न डिसेंबरात, बाप्तिस्मा ईस्टरला, मधे शॉर्टकट आहे का?

फादर पुढच्या ईस्टरपर्यंत थांबा म्हणतायत आणि तुझं लग्न तर डिसेंबरात, म्हणून टेन्शन आलंय ना, तर आधी हा गुंता सोडव. चर्चमध्ये लग्न करायला तुला कॅथलिक व्हायलाच लागतं असं काही नाही. तू हिंदू राहूनही बिशपांच्या परवानगीने लग्न लागतं, डिस्पेन्सेशन म्हणतात त्याला. वचन द्यायचं असतं ते तुझ्या होणाऱ्या कॅथलिक नवऱ्याने, की मी माझा धर्म सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून शक्य ते करीन, आणि हे तुझ्या कानावर घालतात. तेवढ्यासाठी बाप्तिस्म्याची घाई करू नकोस.

आता तुला खरंच मनापासून कॅथलिक व्हायचं असेल तर आरसीआयए, म्हणजे मोठ्या माणसांची बाप्तिस्म्याआधीची तयारी, करावंच लागेल. मी ठाण्यात केलंय, आणि आता वाशीत राहायला आल्यापासून दुसऱ्यांना सोबत करते. लोकांना वाटतं क्लास आहे, सिलॅबस संपला की सुटलो. तसं नाही गं. मला प्रार्थना महिन्याभरात पाठ झाल्या होत्या, पण मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, सगळे ओस्तीसाठी, त्या पवित्र भाकरीसाठी, रांगेत गेले की बाकावर मी एकटीच, दर रविवारी. सुरुवातीला लाज वाटायची, मग राग यायचा, आणि साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात कधीतरी नुसती भूक वाटायला लागली, ही भूक कुठलं पुस्तक लावत नाही.

पद्धत जुनीच आहे, पहिल्या शतकांतली, मधे मागे पडलेली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, १९७२ मध्ये नव्याने आणली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना असतात, तेव्हा विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि मेलेला परत उठलेला लाजरस यांच्या बायबलमधल्या गोष्टी वाचतात. ती विहिरीवरची बाई आधी मराठी बायबलमध्ये वाचून जा, योहान ४, नाहीतर इंग्लिशमध्ये अर्धं डोक्यावरून जातं.



शेवटी ईस्टरची रात्र. अंधारात बाहेर आग पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, मग बाप्तिस्म्याचं पाणी, दृढीकरणाचं तेल आणि पहिली ओस्ती, तिन्ही संस्कार एकाच रात्री. टॉवेल बरोबर ठेव हां, मी विसरले होते आणि उरलेली मिस्सा पाठीवर पाणी ओघळत काढली.