‘मारक पेशी’: कोणाला मारक?

प्रश्न असा आलाय: गर्भवतींसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘नॅचरल किलर सेल्स’ना (थोडक्यात एनके, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हटलं. वाक्य झालं, ‘गर्भधारणेनंतर गर्भाशयात नैसर्गिक मारक पेशी मोठ्या संख्येने आढळतात.’ कच्चा मजकूर वहिनीला वाचायला दिला. तिला पाचवा महिना आहे. तिने विचारलं, ‘म्हणजे बाळाला मारणाऱ्या?’ शब्द चुकला का? आणि दुसरा कोणता घालू?

शब्द रुळलेला आहे, मराठीतल्या विज्ञानलेखनात सापडतो. पण वहिनींनी वाचलं तेही बरोबरच. मराठीत ‘मारक’ एकटा येत नाही, मागे ‘ला’ घेऊन येतो. शेतीला मारक, धंद्याला मारक, तब्येतीला मारक. तो ‘ला’ दिसला नाही की वाचणारा स्वतःच शोधतो, आणि तुमच्या वाक्यात गर्भाशिवाय जवळ कोणी नाही. जोडीला ‘तारक-मारक’ आहेच, शिवाय पत्रिकेतले मारकेश. इंग्रजी ‘किलर’ कर्त्याचं नाव सांगतो; आपला ‘मारक’ अपाय सांगतो. ‘जंतुनाशक’ वाचून कुणी दचकत नाही, कारण काय मरणार ते शब्दातच लिहिलेलं असतं.

‘नैसर्गिक’ही थोडा घसरलाच आहे. हे नाव 1975 सालचं, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतलं. रॉल्फ किसलिंग, एवा क्लाइन आणि हान्स विगझेल यांना उंदरांच्या प्लीहेत अशा पेशी दिसल्या, की ज्या आधी कसलीही ओळख करून दिलेली नसताना कर्कपेशी मारत. ‘नॅचरल’ म्हणजे एवढंच, कुणी न शिकवताच येणारं. त्याला नेमका मराठी शब्द ‘उपजत’. मी आधी तोच सुचवणार होतो. पण ‘उपजत मृत्यू’ हा मृत जन्मलेल्या बाळाच्या नोंदीतला शब्द आहे. गर्भवतीच्या हातातल्या कागदावर ‘उपजत मारक’ नको म्हणजे नकोच.

गंमत म्हणजे गर्भाशयातल्या या पेशी ‘किलर’ नावाच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात दाणे दिसत, म्हणून जर्मन अभ्यासक त्यांना ‘दाण्यांच्या पेशी’ म्हणत. पुढे त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणा रक्तातल्या मारक पेशींशी जुळल्या आणि आडनाव चिकटलं. काम मात्र जुळलं नाही. मारण्यात या बऱ्याच मंद. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या साधारण 70 टक्के याच. एवढी फौज गर्भावर तुटून पडायला असती तर आपण कुणी ही चर्चा करायला उरलो नसतो.

त्या करतात काय? अस्तरात मळसूत्रासारख्या वळलेल्या धमन्या असतात. (पुस्तकात ‘सर्पिल’ म्हणतात, मला मळसूत्री जवळचा वाटतो.) एरवी त्यांच्या भिंती जाड, स्नायूंच्या, हव्या तेव्हा आवळणाऱ्या. वारेला (प्लॅसेंटाला) असं अडून येणारं रक्त चालत नाही. तिला भरपूर आणि संथ हवं. एनके पेशी रासायनिक निरोप सोडतात, त्याने भिंतीतले स्नायू सैल पडू लागतात. मग वारेच्या पेशी आत शिरून उरलेलं काम पुरं करतात आणि धमनी पन्हाळीसारखी रुंद होते. या पेशींशिवाय वाढवलेल्या उंदरांमध्ये धमन्या जाड आणि अरुंदच राहिल्या. माणसात हे रुंदावणं अपुरं राहिलं तर आईचा रक्तदाब चढण्याचा, बाळाची वाढ खुंटण्याचा धोका वाढतो.

म्हणजे वहिनींची भीती अर्थाच्या नेमकी उलट बाजूला गेली. त्यात त्या एकट्या नाहीत. गर्भाचा अर्धा वारसा बापाचा, मग आईचं शरीर त्याला परकं कलम समजून फेकून का देत नाही, हा प्रश्न ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1953 साली मांडला होता. त्यावर हे ‘किलर’ नाव आलं, आणि ‘किलर वाढले म्हणून गर्भ टिकत नाही’ अशी समजूत पसरायला वेळ लागला नाही. रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयातल्यांचा अंदाज बांधता येत नाही, दोन्हींचा स्वभाव वेगळा. ही गफलत मला बरीचशी शब्दाचीच वाटते.

आता पर्याय. ‘दाणेदार पेशी’ मला आवडतो, ‘रवाळ’ त्याहून. पण तुपाबाहेर तो कुणी घेणार नाही. पत्रकात मी असं लिहीन: ‘गर्भ रुजल्यावर गर्भाशयाच्या अस्तरात एनके नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात. वारेकडे रक्त नेणाऱ्या धमन्या रुंद व्हायला त्या मदत करतात.’ पूर्ण नाव द्यायचंच असेल तर एकदा द्या, आणि ते गर्भाशयाबाहेरच्या कामावरून पडलंय हे त्याच ओळीत सांगा. ‘रोगप्रतिकारक पेशी’ही शक्यतो टाळा, इथे रोग कुठे आहे?

आणि ‘अपरा’ऐवजी ‘वार’ बेलाशक वापरा, बायकांना तो ठाऊक असतो. फक्त ‘मारक’च्या शेजारी बसवू नका, नाहीतर कुणीतरी वार केल्यासारखं वाचलं जाईल. घाव घालणारा वार पुल्लिंगी, त्याचं ‘वाराने’ होतं. ही स्त्रीलिंगी, हिचं ‘वारेने’. मुद्रितं तपासताना तेवढी मात्रा सांभाळा.