सोलापूरचे आडम मास्तर आमदार कसे झाले?

थोडक्यात सांगायचं तर कामगार चळवळीतून. नरसय्या आडम हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा ते सोलापुरातून विधानसभेवर निवडून गेले. मागे ना साखर कारखाना, ना सूतगिरणी. लाल बावटा आणि शहराच्या पूर्वभागातली कामगार माणसं, एवढंच भांडवल.

ही माणसं कोण, ते कळल्याशिवाय मास्तर कळत नाहीत. घरातला पुरुष यंत्रमागावर, बाई विड्या वळणारी, घरात बोली बहुधा तेलुगू. मांडीवर सूप, कात्रीने तेंदूपान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही विड्या ‘छाट’, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे बुडायचे. मजुरी, छाट, बोनस यांवरून निघालेल्या मोर्च्यांतूनच मास्तरांचे मतदार तयार झाले.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम घरांचं. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढणाऱ्या बायकांसाठी सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचं वाटप झालं. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी दिल्या. २००९ मध्ये हरल्यानंतर मास्तर पुन्हा आमदार झाले नाहीत, तरी घरांचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.