निनावी की अनामिक? बेनामी तर नक्कीच नाही

प्रश्न असा आला आहे: ऑनलाइन चर्चेत नोंदणी न करता लिहिणाऱ्याला अनामिक म्हणावं, निनावी म्हणावं की बेनामी? आणि टोपणनावाने रीतसर नोंदणी केलेला सदस्यही निनावीच धरायचा का?

बेनामी आधी निकालात काढतो. ‘बेनामी प्रतिक्रिया बंद करा’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता चीड येते. फारसीत ‘बे-नाम’ म्हणजे नाव नसलेला, हे कबूल. पण मराठीत बेनामी जमिनीला नाव असतंच, कागदावर ठळक असतं. ते पैसे मोजणाऱ्याचं नसतं, एवढंच. बेनामी व्यवहारांवरचा कायदा १९८८चा, २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि त्यातही मूळ अर्थ हाच आहे: मोबदला एकाने द्यायचा, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर ठेवायची. मग चर्चेतला बेनामी कोण? जो दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून आपलं म्हणणं रेटतो तो. त्याची नोंदणी चोख असते, ईमेल पडताळलेला असतो, फोटोही असतो. नोंदणी सक्तीची केली की बेनामी लेखन थांबेल असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता निनावी आणि अनामिक. समानार्थी शब्दांच्या याद्या हे दोन्ही एकाच ओळीत टाकून मोकळ्या होतात, आणि लोक त्यावर विसंबतात. कान काय सांगतो ते बघा. ओढ अनामिक असते, भीती अनामिक असते, हुरहूर अनामिक असते. पत्र निनावी असतं, फोन निनावी असतो, तक्रार निनावी असते. जागांची अदलाबदल करून पाहा. ‘मला निनावी हुरहूर लागली’ असं कोणी म्हणणार नाही, आणि ‘अनामिक फोन आला’ म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थबकेल. अनामिक गोष्टीला नाव सापडत नाही. निनावी माणसाला नाव असतं, तो ते देत नाही. नोंदणी न करता लिहिणारा दुसऱ्या प्रकारातला, म्हणून तो निनावी. प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर इथेच संपलं.

पण अनामिक शब्द निघालाच आहे, तर अनामिका सोडवत नाही. करंगळीशेजारचं बोट. बाकीच्या बोटांची नावं काही ना काही सांगतात: कनिष्ठिका सर्वांत धाकटी, मध्यमा मधली, तर्जनी दटावणारी. या एकाच्या नावाचा अर्थ ‘नाव नसलेली’. रशियनमध्येही या बोटाला बेझिम्यान्नी म्हणतात, म्हणजे बिननावाचं. तेही एक वेळ सोडा, ती भाषा आपल्या नात्यातली आहे. पण चिनीत याच बोटाला वूमिंगझी म्हणतात, अर्थ तोच. फिनिश भाषेतही तेच. एकमेकींशी गोत नसलेल्या भाषांनी पाचांतलं हेच बोट निवडून बिननावाचं ठरवावं, हा मला साऱ्या शब्दसृष्टीतला सर्वांत सुंदर योग वाटतो.

यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात, की या बोटाला स्वतंत्र काम नाही, म्हणून नाव द्यायचं राहून गेलं. मला हे अजिबात पटत नाही. बिनकामाच्या बोटात कोणी अंगठी घालत नाही, आणि दर्भाचं पवित्रक तर मुद्दाम याच बोटात घालतात. कालिदासाचं प्रसिद्ध सुभाषितही चमत्कृतीपुरतंच खरं. कवी मोजायला बसले, करंगळीवर कालिदास मोजला, त्याच्या तोडीचा दुसरा सापडला नाही, म्हणून पुढचं बोट अनामिका राहिलं. श्लोक देखणा आहे, व्युत्पत्ती म्हणून उपयोगाचा नाही.

माझं मत असं: या बोटाला नाव मिळालं नाही असं नसून, त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. संस्कृत कोशपरंपरेतलं एक स्पष्टीकरण याच वाटेने जातं. शिवाने याच बोटाने ब्रह्मदेवाचं शिर छेदलं, म्हणून त्याचं नाव घेत नाहीत. कथा मागाहून जोडलेली असेल, पण जोडणाऱ्याची नस अचूक होती. ज्याचा धाक किंवा आदर असतो त्याचं नाव माणूस टाळतो. रशियन माणूस अस्वलाला ‘मध खाणारा’ म्हणून वेळ मारून नेतो, आपल्याकडे सापाला ‘लांबडं’ म्हणतात. तसं म्हटल्याने अस्वल कोण आणि साप कोण हे कोणाला कळायचं राहत नाही. अनामिकाही सगळ्यांना ठाऊक असते, हातावर तिची जागा पक्की असते. नाव नसणं म्हणजे ओळख नसणं, हे समीकरण आपण आता आता बनवलं आहे आणि त्यावर नियम रचायला निघालो आहोत.

ऑनलाइन चर्चांनी हा फरक आपापल्या परीने शब्दांत पकडला होता. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या संकेतस्थळावर खातं न उघडता लिहिलं की लेखनावर आपोआप ‘अनामिक भित्रा’ अशा अर्थाचं नाव लागायचं. नाव न देणं म्हणजे भ्याडपणा, हा निवाडा आधीच झालेला. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या निचानेरू या चर्चास्थळावर नाव न देणाऱ्याला ‘नानाशी-सान’ म्हणत. नानाशी म्हणजे बिननावाचा, आणि पुढचा सान हा आदरार्थी, म्हणजे जवळजवळ ‘निनावीराव’. मला दुसरी रीत कितीतरी सभ्य वाटते. (जपानी ‘ना’ आणि आपलं ‘नाव’ यांचं नातं लावायला जाऊ नका, तो निव्वळ योगायोग आहे.)

राहिला टोपणनावाचा सदस्य. त्याला निनावी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या सहीने. वाचक त्या नावाशी भांडले, त्या नावाला मानू लागले. काल लोकहितवादी काय म्हणाले होते हे आज त्यांना विचारता येत होतं. चर्चेला लागतं ते एवढंच: काल बोललेला आणि आज बोलणारा एकच आहे याची खूण. जन्मदाखल्यावरचं नाव त्यासाठी लागत नाही. टोपणनावाला तोंडावर ‘खोटं नाव’ म्हणणाऱ्यांनी ‘टोपण’ म्हणजे काय ते तरी पाहावं. टोपण म्हणजे झाकण, आणि झाकणाखाली काहीतरी असतंच.

खऱ्या नावाची सक्ती करून पाहिलेली आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळणं कायद्याने बंधनकारक केलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडची सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. बेकायदा लेखन त्याने लक्षणीय घटलं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण.

आणि विकिपीडियावर कित्येक वर्षं याच्या अगदी उलटा प्रकार होता. खातं न उघडता संपादन केलं की इतिहासात आयपी पत्ता जगजाहीर दिसायचा. टोपणनावाने खातं उघडलं की तो झाकला जायचा. तिथे नोंदणी करणाराच जास्त झाकलेला. तेव्हा निनावी आणि नोंदणीकृत हे शब्द विरुद्धार्थी म्हणून वापरू नका. नोंदणीकृतच्या उलट हवाच असेल तर ‘बिननोंदणीचा’ म्हणा, शब्द साधा आहे आणि नेमका आहे.

मराठीत निनावी लिहू पाहणाऱ्याची खरी पंचाईत मात्र नावाने होत नाही, क्रियापदाने होते. ‘मी म्हणतो’ लिहिलं की पुरुष, ‘मी म्हणते’ लिहिलं की बाई. काही बोलींत बायकाही ‘मी जातो’ म्हणतात, पण लेखी प्रमाण मराठीत सुटका नाही. ‘मी म्हणालो’, ‘मी म्हणाले’ इथेही तेच. ‘मी म्हटलं’ मात्र काहीच सांगत नाही. ‘मी विसरलो’ची ओळख पटते, ‘माझ्या लक्षात राहिलं नाही’ची पटत नाही. ज्यांना खरोखर निनावी राहायचं असतं ते म्हणूनच ‘मला वाटतं’, ‘मी वाचलं’, ‘माझ्या पाहण्यात आलं’ अशा वाक्यांवर भिस्त ठेवतात. भविष्यकाळात तेवढीही काळजी नको: मी येईन, मी लिहीन, मी उत्तर देईन.