बोट, ट्रेलर आणि घाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २२ फुटी फायबर बोट घेतली आहे, ६० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. नुसत्या बोटीचं वजन ११५० किलो, असं बांधणाऱ्याने सांगितलं. बोट साताऱ्यात शेडमध्ये राहील आणि महिन्यातून दोन-तीनदा बामणोलीला नेऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयात उतरवायची आहे. बोलेरो पिकअप घ्यावी, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, की सरळ ट्रक? (सातारा)

उत्तर : आधी वजनाचा हिशेब पक्का करा, कारण बांधणारा सांगतो ते रिकाम्या बोटीचं वजन असतं. त्यात इंजिनाचे ११५ किलो, १०० लिटर पेट्रोल टाकीसकट ८५, बॅटरीचे २५, नांगर-दोर-लाइफ जॅकेट मिळून ६० आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचे ५०० धरा. झाले १९३५. बोटीत राहिलेलं पाणी आणि 'असू दे' म्हणून टाकलेलं सामान धरलं की दोन टन. गाडी दोन टनांसाठी निवडायची.

एचपीची चिंता बहुतेकांना असते, पण यवतेश्वरचा घाट चढायला फार ताकद लागत नाही. गाडी आणि बोट मिळून चार टन, दहाला एक असा चढ, वेग ताशी २० किलोमीटर. चाकांवर ३५ एचपीच्या आसपास पुरतात. तेवढं बोलेरो पिकअपही देते. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते : कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना, आणि परतीच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढताना.

बोट उतरवायच्या धक्क्याचा उतार सातास एक धरा. बोट पाण्यात असेपर्यंत हलकी असते. ट्रेलरची चाकं पाण्याबाहेर आली की चार टनांचा सातवा भाग, म्हणजे पावणेसहाशे किलोंची ओढ लागते. टू-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या मागच्या चाकांवर हजार-बाराशे किलो असतात. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर टायरची पकड त्या वजनाच्या ३०-४० टक्के, म्हणजे फार तर साडेचारशे-पावणेपाचशे किलो. चाकं जागीच फिरणार. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये सगळ्या गाडीचं वजन कामाला येतं आणि पकड सातशे-नऊशेपर्यंत जाते. मे महिन्यात पाणी मागे सरकून धक्क्याच्या पुढे चिखल उघडा पडतो, तेव्हा तर लो रेंजशिवाय (ओढ वाढवणारे सावकाश गिअर) गाडी नेऊच नका. पुढची चाकं ओढणारी एसयूव्ही या कामाला सगळ्यात वाईट : बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) वजन आलं की तिचं पुढचं तोंड हलकं होतं.

म्हणून आमचं मत व्ही-क्रॉस ४x४. तिचं ३६० न्यूटन-मीटर टॉर्क पुरेसं आहे आणि जुनी, नीट सांभाळलेली मिळाली तरी चालेल. हायलक्स जास्त जड आणि जास्त ताकदवान (ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर). मोठी बोट मागे असेल तर वजनदार गाडी कधीही बरी. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका. परदेशातल्या जाहिरातींमधला ३५०० किलोचा आकडा इथे लावू नका. तो ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे आणि इथल्या मॉडेलला लागू होईलच असं नाही. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. शोरूममधल्या तोंडी आकड्याला अर्थ नाही.

ट्रक घ्यायचा तर बोट ओढायला नव्हे, लादायला. वर्षातून दोनदाच न्यायची असती तर भाड्याचा ट्रक आणि क्रेन हाच सल्ला दिला असता.

गाडीइतकाच खर्च ट्रेलरच्या ब्रेकवर करा. दोन टनांचा बिनब्रेकचा ट्रेलर उतारावर गाडीला ढकलतो आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकतो. ओव्हररन ब्रेक (ट्रेलरने गाडीला ढकललं की आपोआप लागणारे) चालतील, पण रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारेच घ्या, नाहीतर चढावर मागे घेताना चाकं आवळून बसतात. उतरताना गिअर तोच, जो त्या टप्प्यावर चढायला लागला असता. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. हुक चासीला बोल्ट केलेला हवा, बंपरला नव्हे. दोन साखळ्या कपलरखाली (बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) फुलीत बांधा, म्हणजे कपलर सुटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यात न रुतता साखळीवर पडेल. बोट फक्त विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढून घेणारी चरखी) पट्ट्यावर सोडू नका; मागून दोन पट्टे वेगळे हवेत.

ट्रेलर स्वतंत्र वाहन ठरतो. त्याची नोंदणी, विमा, नंबर प्लेट आणि मागचे दिवे लागतात. बोटीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असेल तर आधी आरटीओत जा. आणि फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी एवढं लांब वऱ्हाड घेऊन कासच्या रस्त्याला लागू नका.

प्रश्न : १८ फुटी बोट हायवेवर ताशी ६० च्या पुढे गेली की ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट हलवतो. टायर बदलले, फरक नाही. (सांगली)

उत्तर : बॉलवर वजन कमी पडतंय. बोटीच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के वजन बॉलवर हवं. आउटबोर्ड मागे टांगलेलं, त्यात सामानही मागे टाकलं की दांडा हलका होतो.

उसाच्या पट्ट्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. आधी माणसांसकट एकटी गाडी काट्यावर घ्या; समजा २१५० किलो. मग ट्रेलर जोडा, पण त्याची चाकं काट्याच्या बाहेर ठेवा, समजा २२१०. म्हणजे बॉलवर ६० किलो. शेवटी ट्रेलर सोडून एकटा तोला, समजा १३००. हे साडेचार टक्केच झाले, हवेत ९० ते १३०. सामान पुढे घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा खांब सैल करून बोट हाताच्या रुंदीइतकी पुढे सरकवा आणि पुन्हा तोला. १० टक्क्यांच्या वर मात्र नेऊ नका, गाडीची मागची बाजू बसते आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

ट्रेलर हलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

प्रश्न : वर्षात दोनदा ट्रेलरची बेअरिंग गेली. ग्रीस नेहमी भरतो. (मेढा)

उत्तर : घाट उतरून आलात आणि ट्रेलर तसाच पाण्यात घातलात, तर हेच होणार. तापलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. टोपी काढून पाहा. ग्रीस दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. काठावर अर्धा तास थांबा आणि हबला हात लावून पाहा. थंड लागला तरच आत घाला. दिव्यांची वायरही त्याआधी काढा. ग्रीस पाण्यात टिकणारं मरीन प्रकारचं वापरा, बेअरिंगबरोबर सीलही बदला आणि एक तयार जोडी गाडीत ठेवा.

प्रश्न : ट्रॅक्टर घरचा आहे. त्यानेच बोट ओढली तर? (पाटण)

उत्तर : धक्क्यावर जरूर. त्याच्यासारखी मोठी चाकं कुठल्याच पिकअपला नाहीत. घाटातून मात्र नको : वेग कमी, मागे वाहनांची रांग, आणि ट्रॉलीच्या पिनवर बॉलचा कपलर बसत नाही. धक्क्यासाठी बॉल बसवलेली वेगळी पट्टी वेल्डिंगवाल्याकडून नव्हे, ट्रेलर बांधणाऱ्याकडून करून घ्या.