फोटो वरून नको, खालून काढ

प्रिय बाळा,

तुझे अळंबीचे चारही फोटो मिळाले. चारही उभ्यानं, वरून काढलेले. पांढरी छत्री छान दिसते, पण तेवढ्यावरून मला एकीचीही खात्री देता येत नाही. ओळखीच्या खुणा छत्रीच्या पोटाशी असतात, देठाच्या बुडाशी असतात.

आता आधी गुडघे टेक. मोबाईल उलटा धर, म्हणजे भिंग मातीजवळ येतं. एक फोटो बाजूनं, एक छत्रीखालच्या पातळ पात्यांचा, आणि एक चार पावलं मागे सरून, म्हणजे ती धुऱ्यावर उगवली की लाकडावर, की शेणखतावर, हे कळेल. शेजारी एक रुपया ठेव. उन्हात पांढरी छत्री चुन्यासारखी चकाकते, म्हणून ढगाळ सकाळ बरी.

वारुळावरच्या घोळक्याचा पहिला फोटो सात्यांचा, म्हणजे वारुळावर येणाऱ्या खाण्याच्या अळंबीचा, वाटतो. ही बुरशी वाळवीच आपल्या घरात पोसते. म्हणून देठ मुळासारखा खोल जातो, थेट त्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत. एखादीचाच देठ काडीनं माती सारत मोकळा कर आणि तोही फोटोत घे. भोकात हात घालायचा नाही. वारुळात साप असतो, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

दुसरा फोटो तालुक्याच्या बगीच्यातल्या हिरवळीवरचा. त्यानं मला काळजी वाटली, कारण तू खाली लिहिलंस, ‘याही सात्याच ना?’ आमच्या घरी एका पावसाळ्यात अशाच छत्र्या मैदानावरून आणून रांधल्या होत्या. दोन-तीन तासांत सगळ्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले, आजीला तर सलाईन लावावं लागलं. हिरवळीवर येणाऱ्या एका विषारी छत्रीच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्याच असतात. वय झालं की त्या हिरवट पडतात. टोपी कापून पात्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेव, वर वाटी झाक. सकाळी कागदावर बीजाणूंची भुकटी पडलेली दिसेल. सात्यांची फिकट गुलाबी असते, या बयेची हिरवी. त्या कागदाचाही फोटो काढ. पण भुकटी हिरवी नाही म्हणून छत्री खायची, असं कधीच करू नकोस. माझ्या एकाही उत्तरावरून काही शिजवू नकोस. सात्या खायच्या तर जन्मभर त्या वेचत आलेल्या बायांच्या हातच्याच.

तिसरा फोटो हललाय, तो राहू दे.

चौथा, शेणावरचा, मला फार आवडला. कागदासारखी पातळ टोपी, काठ काळा पडत चाललेला. अशा छत्र्या पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत विरघळून काळं पाणी होतात. तू नऊ वाजता पोचलास. उद्या साडेपाचला जा, त्याच शेणाजवळ, आणि दर अर्ध्या तासानं एक फोटो काढ. मोबाईल चार्ज करून ने, आणि गमबूट घाल.

तुझा,
काका