सांगलीत राहून एलएलएमचा प्रबंध लिहायचाय. 'ऊस उत्पादकांचे हक्क' हा विषय चालेल का?

विषय आपल्या मातीतला आहे, पण फार पसरट. असा घेतलात तर निम्मा प्रबंध पार्श्वभूमीतच संपतो. त्यापेक्षा एकच तरतूद धरा.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधलं कलम ३(३) बघा: ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे. उशीर झाला तर ३(३अ) प्रमाणे वर्षाला १५ टक्के व्याज. आता वाळवा, पलूसमधल्या शेतकऱ्यांना विचारा, हे व्याज कधी खात्यावर जमा झालं का? आदेशातली ओळ आणि पासबुकातली ओळ यांच्यामधलं अंतर, हाच तुमचा संशोधनाचा प्रश्न. वादही ताजा आहे. २०२२ मध्ये राज्याने एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) दोन हप्त्यांत द्यायचा शासन निर्णय काढला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो निकाल पूर्ण वाचा, बातमीवर भागवू नका.

थकबाकी वसुलीचा आदेश पुण्याच्या साखर आयुक्तांकडून निघतो आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलासारखी वसूल करतात. त्याची आकडेवारी माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, वर अपील करावं लागलं तर आणखी वेळ जातो. म्हणून अर्ज या आठवड्यातच टाका, प्रकरणं नंतर लिहा.

मुलाखती मात्र गाळप हंगामात नको. तोडणी चालू असताना कुणाला बसून बोलायला सवड नसते. आणि तळटीपा लिहिता लिहिताच भरा, हे अगदी कळकळीने सांगतोय.