पिस्टल श्रिंप दिसत नाही म्हणून रॉक उचलू नका

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि त्याच्यासोबत एकाच बिळात राहणारा टायगर पिस्टल श्रिंप हा झिंगा सोडून आठ दिवस झाले, गोबी कोपऱ्यात बसून असतो, श्रिंपचा पत्ता नाही, टँकमधला रॉक (दगड) उचलून बघू का असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको! मी उचलला होता एकदा, महिनाभर खपून खणलेलं बीळ एका क्षणात बसलं आणि श्रिंप बाहेर आला तो मोठी नांगी गमावूनच. पुढे कात टाकत गेला तशी दुसऱ्या बाजूची लहान नांगी वाढून मोठी झाली आणि तुटलेल्या जागी लहान उगवली, पण तोवर बिचारा मुका होता.

मुका म्हणजे, रात्री टँकमधून काच तडकल्यासारखा टक् असा आवाज येतो ना, तो त्याचाच. नांगी इतक्या झटक्यात मिटतो की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, आवाज त्या बुडबुड्याचा. तेव्हा आधी रात्री पंप बंद करून पाच मिनिटं कान द्या, टक् आलं तर जिवंत आहे. आणि वाळूवर अख्खा पारदर्शक श्रिंप पडलेला दिसला तरी लगेच मेला म्हणून रडत बसू नका, बहुतेक कात असते.

त्याला जेमतेमच दिसतं, म्हणून गोबी जवळ येईपर्यंत तो बाहेर यायला घाबरतो. जोडी जमली की बघा, बुलडोझरसारखी वाळू ढकलत येतो पण एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावलेली, गोबीने शेपूट थरथरवलं की तसाच उलटा आत. जमायला काही तास लागतात नाहीतर काही आठवडे, आपल्या हातात नाही ते.

एकच गोष्ट मात्र आत्ता तपासा, रॉक वाळूवर ठेवलेत की खालच्या काचेवर? वाळूवर असतील तर हा खालून पोखरणार आणि रॉक त्याच्याच अंगावर येणार. वाळू दोन-तीन इंच हवी, त्यात कोरलचे बारीक तुकडे मिसळा, नुसत्या बारीक वाळूचं छत टिकत नाही. झाकण आहे ना? गोबी उडी मारतात, पाइपसाठी ठेवलेल्या फटीतूनसुद्धा. तांब्याचं औषध त्या टँकमध्ये कधीच नाही, श्रिंप मरतो.

खाणं म्हणून पिपेटने दोन-चार मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव, माशांचं खाद्य) गोबीच्या तोंडासमोर सोडा आणि एखादा तुकडा बिळाच्या तोंडाशी. तो तुकडा सकाळी गायब असेल तर श्रिंपनेच खाल्ला समजा... अर्थात टँकमध्ये हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा) नसेल तर हं.